चौकीत ‘नुसतं बसवून ठेवलं’ तर? पोलिसांनी अडवल्यावर कायदा नेमकं काय म्हणतो

“जरा चौकीपर्यंत या, दोनच मिनिटांचं काम आहे.”

पुण्यात रात्रीच्या नाकाबंदीवर हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. माणूस निमूटपणे जातो. दोन मिनिटांचे चार तास होतात. मोबाईल टेबलावर काढून ठेवायला लावलेला असतो, घरचे फोन लावून लावून थकतात. शेवटी कुणीतरी ओळखीचा चौकीत जाऊन विचारतो, तर उत्तर मिळतं, “अटक कुठे केलीय? नुसतं बसवून ठेवलंय.”

हा लेख प्रामुख्याने या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. अटक नाही पण जाताही येत नाही, अशी अवस्था कायद्यात नाही. पोलीस तुम्हाला वाहन तपासायला थांबवू शकतात, साक्षीदार म्हणून बोलावू शकतात, संशयित म्हणून नोटीस देऊन हजर राहायला सांगू शकतात, प्रतिबंधक कारवाई म्हणून ताब्यात घेऊ शकतात किंवा अटक करू शकतात. यातल्या प्रत्येकाला कलम आहे, बहुतेकांना कागद आहे, आणि ताब्यात घेतलं की त्याला वेळेची मर्यादाही आहे. ज्याला चुकून उचललं जातं, त्याचं सगळ्यात जास्त नुकसान या सगळ्याच्या मधल्या, नोंद नसलेल्या वेळेत होतं. मार खाणं, पैसे मागितले जाणं, कोऱ्या कागदावर सही घेतली जाणं, हे घडतं ते तेव्हाच. म्हणून आपल्याला नेमकं कशाखाली थांबवलंय, हे शांतपणे विचारता येणं फार महत्त्वाचं आहे.

आधी कलमांच्या आकड्यांबद्दल थोडं. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेलं ४१-अ (हजर राहण्याची नोटीस) म्हणजे आता कलम ३५ आणि १५१ (प्रतिबंधक अटक) म्हणजे आता कलम १७०. मजकूर बराचसा तोच आहे. खाली नुसतं ‘कलम’ लिहिलं असेल तिथे नागरिक सुरक्षा संहिता समजावी.

रस्त्यावर

वाहतुकीचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं. साध्या कपड्यातल्या माणसाला हा अधिकार नाही. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेलं चालतं; केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तशी स्पष्ट सोय आहे. नोंदणी किंवा लायसन्स नसेल तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते, पण त्याची पावती मिळायला हवी. धावत्या गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार या कायद्यात कुठेही दिलेला नाही. दारूच्या तपासणीत श्वासाची चाचणी नाकारून फायदा होत नाही, उलट अटकेला निमित्त मिळतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे.

‘गणवेशातल्या’ या शब्दाचं पुण्यात वेगळंच महत्त्व आहे. सकाळी फिरायला निघालेल्या आजींना “पुढे चोऱ्या चालल्यात, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा” असं सांगून लुटणारे तोतया पोलीस सगळ्या पेठांना आणि उपनगरांना ठाऊक आहेत. खरा पोलीस तुमचे दागिने रुमालात बांधत नाही. साध्या कपड्यात कुणी अडवलं तर ओळखपत्र मागा आणि ते वाचा; शंका आली तर तिथूनच ११२ लावा. व्हिडिओ कॉलवर होणारी ‘डिजिटल अटक’ ही तर निव्वळ फसवणूक आहे. तशी अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही.

आता खरा अवघड प्रसंग. गाडीची कागदपत्रं ठीक आहेत, तरी पोलीस म्हणतात, “या नंबरची गाडी चेन स्नॅचिंगमध्ये होती.” बनावट नंबर प्लेटमुळे असं खरंच घडतं. गाडी धायरीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि चलन येतं दुसऱ्याच जिल्ह्यातून. चोरीच्या वस्तूचा वाजवी संशय हे अटकेचं कारण होऊ शकतं, त्यामुळे पोलिसांनी इथे थांबवणं बेकायदा नाही. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा चासी नंबर दाखवावा. बऱ्याच दुचाकींवर तो हँडलच्या मानेजवळ धातूवर कोरलेला असतो. वायर थोडी बाजूला सारून टॉर्च मारला की दिसतो. आरसीवरचा आणि तिथला नंबर पोलिसांसमोर एकेक अक्षर वाचून जुळवा. प्लेट कुणालाही करून लावता येते, हा कोरलेला नंबर बदलणं सोपं नाही. आणि घरी आलं की आपल्या नंबरचा गैरवापर होतोय अशी लेखी तक्रार द्या. पुढच्या नाकाबंदीवर तिची प्रत दाखवायला उपयोगी पडते.

नाव-पत्ता विचारला तर सांगा, आणि खरा सांगा. इथे हुशारी दाखवण्यात अर्थ नाही. अदखलपात्र (एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही अशा) गुन्ह्याचा आरोप असताना नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा वाटला तर केवळ तेवढ्यासाठी कलम ३९ खाली अटक करता येते. त्यापुढचे प्रश्न, कुठून आलात, बरोबर कोण आहे, याला साधं उत्तर देऊन मोकळं होणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं. पण स्वतःला गुन्ह्यात गुंतवणारं उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नं हे संरक्षण दिलं आहे, आणि पोलिसांच्या तपासातल्या प्रश्नांनाही ते लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितलं.

झडतीचा प्रश्न नाजूक आहे. सर्वसाधारण नियम असा की अंगझडती अटकेनंतर, कलम ४९ खाली होते, आणि बाईची झडती बाईनंच, सभ्यता सांभाळून घ्यायची असते. अमली पदार्थांचा संशय असेल तर त्या विशेष कायद्यात सार्वजनिक जागी थांबवून झडती घेता येते. मात्र अंगझडती असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो पोलिसांनी तुम्हाला आधी सांगायला हवा. बॅगेच्या झडतीला हा हक्क लागू होत नाही. कुठलीही वस्तू जप्त होताना व्हिडिओ चित्रीकरण व्हावं असं कलम १०५ म्हणतं. खिशातून पुडी ‘सापडली’ असं सांगितलं जाईल अशी भीती वाटत असेल तर हे कलम लक्षात ठेवा.

मोबाईलचं काय? “अनलॉक कर, व्हॉट्सॲप दाखव” असं रस्त्यात म्हणण्याला आधार देणारं कलम नाही. तपासासाठी एखादं उपकरण हवं असेल तर कलम ९४ खाली पोलीस ठाण्याच्या प्रभारींचा लेखी आदेश लागतो. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर कलम १०६ खाली जप्ती होते. दोन्हींना कागद लागतो. कोरेगाव पार्कात रात्री हातात हात घालून चालणाऱ्या मुलामुलीचे फोटो चाळणं हा कुठल्याच तपासाचा भाग नाही.

चौकीत

“चौकीत चला” म्हटल्यावर विचारायचं वाक्य साधं आहे. “साहेब, मला अटक केलीय का? नसेल तर मी निघू का? चौकशीला हवा असेन तर नोटीस द्या, मी सांगाल त्या वेळी हजर राहतो.” आवाज चढवू नका, हात लावू नका, पळू नका. सरकारी कामात अडथळा, म्हणजे पूर्वीचं ३५३ आणि आता न्याय संहितेचं १३२, हे अजामीनपात्र कलम आहे. ज्याला उगाच अडवलं होतं तो धक्काबुक्की झाल्यावर खरोखरचा आरोपी होऊन बसतो, आणि मग मूळचा अन्याय कुणी ऐकतही नाही. हे वाईट आहे, पण खरं आहे.

वर दिलेल्या वाक्यातल्या नोटिशीचं वजन बऱ्याच जणांना कळत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही, अपवाद आहे. अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांना लिहून ठेवावी लागतात, आणि गरज नसेल तर कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं, पाळलं नाही तर अधिकाऱ्यावर अवमानाची कारवाई होईल असंही सांगितलं. नोटीस मिळाली आणि तुम्ही तिच्याप्रमाणे हजर राहिलात, तर नव्यानं कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं वैध नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून नोटीस हातात आली की घाबरू नका, तुमच्या बाजूचा तो पहिला पुरावा आहे. मात्र ती मिळूनही न जाणं ही मोठी चूक ठरते.

साक्षीदार म्हणून बोलावायचं असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. आणि १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या पुढचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा. “मुलगा सापडत नाही, आईला आणून बसवा” हा प्रकार वस्त्यांमध्ये आजही चालतो. तो सरळसरळ बेकायदा आहे.

जबाबाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हे कलम १८१ मध्येच लिहिलं आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पंचनामा, जप्तीची पावती, अटकेचं ज्ञापन (अरेस्ट मेमो) यांवर सही लागते, पण वाचल्याशिवाय करू नका आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

मग पोलिसांकडे काहीच लवचिकता नाही का? आहे. कलम १७० खाली, दखलपात्र गुन्हा घडणार आहे असं कळलं आणि तो दुसऱ्या मार्गानं टाळता येत नसेल, तर आगाऊ अटक करता येते. कलम १७२ हे नवं आहे: गुन्हे रोखण्यासाठी पोलिसांनी दिलेले वैध आदेश न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं, किरकोळ बाब असेल तर शक्य तितक्या लवकर सोडावं लागतं. दोन्हींना २४ तासांची मर्यादा आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय यादरम्यान शस्त्र, घरफोडीची अवजारं, गुन्ह्याच्या हेतूनं झाकलेला चेहरा अशा ठरावीक परिस्थितीत सापडलेल्या माणसाला ते लागू होतं. रात्री दीडला हिंजवडीहून शिफ्ट संपवून येणं किंवा ऑर्डर घेऊन उभं असणं त्यात बसत नाही. आणि ‘चॅप्टर केस’ म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याची कारवाई. आयुक्तालयाच्या हद्दीत ती सहसा सहायक पोलीस आयुक्तांपुढे (एसीपी) चालते, तिलाही नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी लागते.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मनात ठेवायला हवी. चुकीचं अडवणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये काही जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. कैकाडी, वडार, झोपडपट्टीतली पोरं, परप्रांतातले मजूर, यांना ‘संशयावरून’ उचलणं सोपं असतं, कारण मागून वकील येणार नाही हे उचलणाऱ्याला माहीत असतं. कलमं तर त्यांच्यासाठी जास्त कामाची आहेत. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं.

अटक झालीच तर

अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. कारण सांगितलं पाहिजे, आणि आता ते लेखी, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं: लगेच देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, हे उपकार नाहीत, कर्तव्य आहे. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी ओलांडलेल्या किंवा अशक्त माणसाला अटक करण्याआधी उपअधीक्षक दर्जाच्या, म्हणजे शहरात एसीपींच्या, परवानगीची गरज असते.

अटकेचं ज्ञापन हातात आलं की सगळ्यात आधी वेळेचा रकाना बघा. संध्याकाळी सातला आणलं असेल आणि कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा लिहिलं असेल, तर पंधरा तास हिशेबातून गायब झाले. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची मुदत (प्रवासाचा वेळ सोडून) प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजायची असते. अटक म्हणजे डायरीतली नोंद नव्हे, स्वातंत्र्यावर बंधन आलं तो क्षण, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच म्हटलं आहे. म्हणून सही करताना शेजारी खरी वेळ लिहा. लिहू दिली नाही तर शिवाजीनगरच्या कोर्टात उभं केल्यावर मॅजिस्ट्रेटना स्वतः सांगा: किती वाजता आणलं, मारलं का. तिथे गप्प बसू नका. सुट्टीच्या दिवशीही मॅजिस्ट्रेट उपलब्ध असतात.

घरच्यांनी काय करावं? ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारावं की स्टेशन डायरीत नोंद आहे का. अटकेतल्या लोकांची माहिती देण्यासाठी प्रत्येक ठाण्यात अधिकारी नेमणं कलम ३७ नं बंधनकारक केलं आहे. “इथे नाहीच” असं उत्तर मिळालं आणि माणूस आत दिसत असेल, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १०० खाली अर्ज करता येतो. बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी ते वॉरंट काढू शकतात. हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका मुंबईत उच्च न्यायालयात. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ठाण्यात मोबाईलवर चित्रीकरण केलं म्हणून सरकारी गुपितांच्या (ऑफिशियल सीक्रेट्स) कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याची धमकी देतात. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरीही कॅमेरा समोरच्याच्या तोंडापुढे नाचवू नका.

सुटल्यानंतर

बहुतेक लोक सुटले की विषय संपवतात. ते समजण्यासारखं आहे, नोकरी असते, घर असतं. पण कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असूनही भ्रष्ट हेतूनं किंवा द्वेषानं कोंडून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २५८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि बेकायदा ताब्याबद्दल राज्याकडून भरपाई मिळू शकते. विधानसभेत जाऊ नये म्हणून अडकवलेल्या जम्मू-काश्मीरच्या आमदार भीम सिंग यांना सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये ५०,००० रुपये द्यायला लावले होते. तक्रार पोलीस आयुक्तांकडे करा. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे आधी हद्द बघा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे. आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं.

मात्र या सगळ्याच्या आधी एक अर्ज, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रीकरण १८ महिने, तेवढं शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिला. अर्जात तारीख लिहा, किती ते किती वाजेपर्यंत आत होतात ते लिहा, प्रवेशद्वार, अंमलदाराचं टेबल, व्हरांडा असं कुठलं चित्रीकरण हवं ते लिहा, आणि ते पुसलं जाऊ नये अशी मागणी करा. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. घेत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टनं आयुक्तालयाला पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण त्या पावतीची शाई लवकर उडते.